सातवा ठिपका

तार्तू. सकाळचे आठ, अजून अंधारच.
रात्रपाळी उतरून कारेल थेट प्रयोगशाळेत,
स्टेथोस्कोप गळ्यात तसाच.
आलेख दाखवला: रेघ सुतासारखी सरळ.

माइमूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"सात नंबर कुठे गेला?"
"रेघेत बसत नव्हता."

बाईंनी कोट अडकवला,
त्याला वॉर्डात नेलं, खिडकीजवळच्या खाटेशी.
ज्याच्या मुलीला महिन्यापूर्वी
कारेलनेच सांगितलं होतं, तयारी ठेवा,
तो फेओदोसी, पेइप्सी तळ्याकाठचा कांदेवाला,
उठून बसलेला,
काळ्या पावाला लोणी फासत.

"विचार त्याला," बाई म्हणाल्या.
"माझाही असा एक होता. मी नाही विचारलं."
आणि राउंडला निघून गेल्या.

कारेलने वही उघडली.
पेन उमटेना.
म्हातारा तोवर
कांद्यांविषयी बोलू लागला होता.