बॉबिनला उकडतंय

पिएदादबाय लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडला गेली,
जाताना मला घराची चावी दिली, मांजर दिलं
आणि वहीचा एक कागद.
रोमी लिपीतली तिची कोंकणी मी जुळवत वाचली,
उसवलेल्या शिवणीचा दोरा ओढावा तशी, हळू.

पाण्याची भांडी तीन, जेवणापासून लांब.
एक तरी मातीचं, स्टीलचं तापतं.
कान पांढरे आहेत त्याचे, उन्हात भाजतात,
अकरा ते चार अंगणात सोडू नकोस.
केस कापशील बिपशील, तू टेलर! कापू नकोस.
तोंड उघडून धापा टाकायला लागला
तर पावलं भिजव, कान भिजव,
आणि लगेच दोतोराला फोन कर.
खाली अजून एक ओळ होती, घामाने पुसटलेली.
मांजराचीच असणार म्हणून सोडून दिली.

कुडचड्यात मे महिना.
माझं दुकान पत्र्याचं, बारा वाजले की
पत्रा आपणहून कडकड बोलतो.
मी बाटलीत पाणी गोठवलं, जुन्या लुंगीत गुंडाळून त्याच्याजवळ ठेवलं.
बॉबिनने हुंगलं, आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं गिऱ्हाईक बघतं, काज चुकल्यावर.
ओला टॉवेल अंथरला, तो वळसा घालून गेला.
पेडव्याचं पाणी, बिनमिठाचं, गार करून दिलं,
तेवढं मात्र प्यायला.
मग वीज गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो नाहीसा झाला.
कटिंगच्या टेबलाखाली नाही,
अस्तराच्या ताग्यांत नाही,
न्हाणीच्या मागे, जिथे रोज कोपरभर ओल असते, तिथेही नाही.
पांढरे कान, आणि बाहेर हे ऊन.
चौदा वर्षांचा म्हातारा.
मी अनवाणी धावले ते शेजारच्या बंद घराशी येऊन कळलं,
तळवे पोळल्यावर.

मागच्या दाराला खाली त्याच्यापुरतं भोक आहे.
मला चावी लागली.

आत शिंपल्यांच्या खिडक्या मिटलेल्या,
उजेड ताकासारखा पातळ.
स्वयंपाकघरात, मडक्याच्या तिवईखाली,
जिथे लाल जमिनीवर थेंब थेंब झिरपतं,
तिथे तो पसरला होता, पोट वर करून.
गळ्यात टेप होताच, मी मापलं:
नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तेहतीस इंच.
थंडीत हाच गोळा बारा इंचांत मावतो.

हात ओला करून त्याच्या कानांवरून फिरवला.
मग दुसरा हात. मग बसले.
जमिनीचा गारवा साडीतून वर आला, मांड्यांपर्यंत, पाठीपर्यंत,
बावीस उन्हाळे मी त्या पत्र्याखाली मशीन चालवलं
आणि हे घर भिंतीला भिंत लागून होतं.

दुसऱ्या दिवशी खडूने पाटी लिहिली:
एक ते चार बंद. मांजराला उकडतंय.
लग्नसराई, सात ब्लाउज बाकी.
सुलक्षा गावकरने आधी शटर वाजवलं,
मग मला हाका मारत मागल्या दाराने आत आली,
भांडायच्या तयारीत.
म्हणाली, खरंच उकडतंय त्याला?
बॉबिनने एक डोळा उघडून मिटला.
ती चपला काढून भिंतीला टेकली.
बाही कुठे घट्ट होते ते चार वाजेपर्यंत तिने सांगितलं नाही.

रात्री पिएदादबायचा आवाज आला फोनवर.
तिथे अजून हीटर लागतो म्हणे,
नातवाला तीन दुपट्यांत गुंडाळलंय,
आणि माझा बॉबिन?
फोन त्याच्या घशाशी धरला, घुरघुर पोचली की नाही, ठाऊक नाही.

मग तो कागद पुन्हा काढला, दिव्याखाली धरला,
शेवटची ओळ नीट जुळवली.
तूंय उदक पी गो.

मडक्यात तांब्या बुडवला.
पहिल्यांदा त्याचं भांडं भरलं, सवयीने.
मग परत बुडवला.