आडनावं कापलेली वही

सामाजीकाकांनी तारघरात तेहेतीस वर्षं काढली
आणि घरी एक वही.
लाल पुठ्ठ्याची, तेलाच्या हिशेबासाठी आणलेली.
पहिल्या पानावर अजून दोन शेर खोबरेल उधार आहे,
पुढे नुसते सॅम्युअल.

कुठल्याशा देशाचा मंत्री, शपथ घेताना.
एक बॉक्सर, डावा डोळा सुजलेला.
हृदयाच्या झडपा शिवणारा डॉक्टर.
तुरुंगातून सुटलेला एक; कशासाठी गेला होता
ते कात्रणाच्या बाहेर राहिलं.
प्रत्येकाचं आडनाव ब्लेडनं काढलेलं,
तिथे मुंगी जाईल एवढी फट.
"आडनाव गावाचं असतं, मिल्का.
आपण पेझारीचे म्हणून पेझारकर.
ह्यांची गावं आपल्याला काय ठाऊक?
नाव तेवढं एका घरचं."

मधल्या पानावर, एकटाच, दाढीवाला,
तारेला बोलायला शिकवणारा सॅम्युअल.
त्याच्या टिंबा-रेघांवर काकांनी भाकरी खाल्ली.
डाव्या हातात चहा, उजव्याचं बोट टेबलावर चालूच:
बाबा गेले लवकर या. मुलगा झाला. पैसे मिळाले नाहीत.
चेंदणीपासून वागळे इस्टेटपर्यंतची सुतकं आणि बारशी
त्या एका बोटातून गेली,
त्याचं कात्रण कुणी काढलं नाही.

पूर्वी शनिवारी टेंभी नाक्यावर
सिनेगॉगच्या पायरीवरून "सामू" म्हटलं की
पाच माना वळायच्या.
घड्याळवाला सामू झिराडकर,
कोर्टातला सामू आष्टमकर,
दोघं भाऊ-भाऊ वाटणारे पण नसलेले,
आणि काका.
मग कुणी अश्दोदला गेलं, कुणी दिमोनाला,
एक नुसताच गेला.
शेवटी हाक मारली की काका एकटे वळत,
आणि वळून मागे बघत,
आणखी कोण वळलं ते.

त्या पहिल्या शमुएलला म्हणे
रात्री तीनदा हाक आली.
तिन्ही वेळा पोर उठून म्हाताऱ्या याजकाकडे धावलं.
"हाक आली की उठायचं," काका म्हणत,
"कुणाची ते मागाहून कळतं."

मी विचारलं होतं, माझ्या नावाचं कोण?
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"आहे एक. पाच बहिणी, भाऊ नाही.
मोशेसमोर उभं राहून बापाची जमीन मागितली त्यांनी.
त्यातली एक मिल्का.
पण तेव्हा पेपर नव्हता."
वहीत एक पान माझं आहे.
कोरं. चार कोपऱ्यांना डिंक लावून ठेवलेला,
वाळून पिवळा झालेला.

दगड कोरणारा विचारतो, "ताई, कुठलं लिहू?"
रेशनकार्डावर शामुवेल,
पगाराच्या कागदावर सॅम्युअल,
प्रार्थनेत शमुएल बेन रहामीम,
जांभळी नाक्याच्या भाजीवाल्यांत सामूशेट.
अक्षराला चाळीस रुपये.
मी सगळी लिहून देते, एकाखाली एक,
आणि सगळ्यांच्या वर तीन टिंबं:
तारेच्या भाषेत त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर.

तो कागद उलटा करून बघतो.
"टिंबं म्हणजे, पुढं अजून काय लिहायचंय का?"
मी गप्प.
तो कानामागची पेन्सिल काढतो,
बेरीज करतो, खोडतो.
टिंबांचे पैसे घ्यावेत की नाही
त्याला ठरेना.