चार नंबरपाशी

मकरपुऱ्यातल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात
तीन दिवस फणसेकाकांच्या मागे फिरलो.
ते चालले की नकाशावर माझी लाल रेघ चालायची.
लेथवरून तपासणीच्या टेबलाशी, तिथून स्टोअर,
स्टोअरला कुलूप, मग परत.
संध्याकाळी कागदावर नुसता गुंता,
उत्तरायण सरल्यावर तारांवर उरलेल्या मांज्यासारखा.
एका पाळीत सव्वासहा किलोमीटर!
अहवालात लिहिलं : वाया.

टेबल हललं. गेज हाताशी आले.
भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवल्या,
ज्याची जागा त्यालाच.
काकांची पावलं साडेचारशेवर आली,
साहेबांनी सगळ्यांना शेव-उसळ मागवली.
काका बसूनच जेवले, बसूनच उठले.

तिसऱ्या आठवड्यात लाल पेटी भरायला लागली.
सीट-रिंगा, सगळ्या चार नंबरच्या लेथवरच्या,
दोन शतांश मिलिमीटर जास्त.

पाच वेळा 'का' विचारायचं असतं.
विचारत गेलो.
चौथ्याला जशुभाई चिंधीला हात पुसत म्हणाले,
"काका जाता-येता इथे थांबायचे ने,
हेडस्टॉकवर तळवा ठेवायचे.
एखाद दिवशी म्हणायचे, बेअरिंग बघ.
मी बघायचो."

पाचवा 'का' घशातच राहिला.

रात्री जुना नकाशा काढला.
चार नंबरपाशी रेघ दर फेरीला जाड झालेली,
एके ठिकाणी कागद जवळजवळ फाटलेला.
तेव्हा वाटलं होतं,
पेन्सिलचं टोक मोडलंय.