'आ' दाबल्यावर

फोन सरकारी,
म्हणजे माझा नाही, वसमतच्या अंगणवाडी क्रमांक चारचा.
त्यात सत्तेचाळीस लेकरांची वजनं, उंची, दंडाचा घेर,
आज कुणी खिचडी खाल्ली, कुणी सांडली.
अन् संध्याकाळी साडेसातनंतर
त्यात माझा नागनाथ.

त्याच्या फोनची काच पोळ्याच्या दिवशी फुटली.
बैलाखाली नाही, सायकलवरून पडून.
दुसरा दहावी झाल्यावर, असं मीच म्हणले.
तेव्हापासून माहिती मी भरते, तपासतो तो.
"आई, तान्ह्या बाळाचं वजन बेचाळीस किलो टाकलंस."
टिंब त्यानंच दिलं.
मजुरी म्हणून दिवसाच्या दीड जीबीतलं उरलंसुरलं.

आधी गणिताचे एक सर बघतो, दीडपट वेगानं.
कुठले सर कोण जाणे,
श्वास न घेता प्रमेय सांगतात, पाणीसुद्धा पीत नाहीत.
मग 'दहावी ब, फक्त पोरं' असला एक ग्रुप,
एकशे बारा मेसेज,
त्यातली शंभर नुसती लोळून हसणारी तोंडं.
मग उसाच्या ट्रॅक्टरवर उभं राहून
कुणा पोरानं केलेला व्हिडिओ,
चाळीस सेकंदांचा, चौदा वेळा.
तिथं हा नागनाथ नसतो.
'नाग' अन् पुढं अडतीस,
गाडीच्या पाटीवरचा आमच्या जिल्ह्याचा आकडा.
औंढ्याला नवस बोलून ठेवलेलं नाव
यानं दोन अक्षरांत उरकलं.

बोलत मात्र नाही.
काय करायलास? काही नाही.
कुणाशी बोलायलास? कुणाशीच नाही.
पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून जेवतो,
भाजीत मीठ नव्हतं हेही त्याला
माझ्या तोंडाकडं बघून कळलं.

फेब्रुवारीत मागच्या शिवारात हळद शिजायला लागली.
रात्रभर तो वास, चादरीत, केसात.
झोप येईना म्हणून उठले,
सहा महिन्यांच्या लेकराचा आहार शोधायचा होता,
'आ' दाबला.
फोननं न विचारता खाली ओळी मांडल्या:

आवाज फुटल्यावर नीट कधी होतो
आपल्याला कुणी ब्लॉक केलं ते कसं कळतं
आयटीआय वसमत कोणते ट्रेड
आई सारखी थकते कशामुळं

चौदा वर्षं झाली, रोज सकाळी
मी भिंतीवरच्या तक्त्याला पट्टी लावून म्हणते,
आ आईचा.
लेकरं ओरडतात, आ आईचाऽ.
असा 'आ' मी बघितला नव्हता.

मग 'म' दाबून बघावं वाटलं. 'म'मध्ये मुली येतात.
'भ' दाबावं, त्याला भीती कशाची ते बघावं.
बोट काचेवर गेलं, परत घेतलं.
दप्तर उघडून वही वाचली असती
तर चोरीच म्हणले असते.
बिचारा कोपऱ्यात पालथा झोपलेला,
ओठावर काळी रेघ उमटायलीय,
एक पाय पांघरुणाबाहेर, माझ्या पायाहून मोठा.

आहार राहिला.
'न'वर त्याचं बोट रोज जातं, स्वतःचं नाव टाकायला.
म्हणून मी 'न'पासून लिहिलं, सावकाश, काना-मात्रा बघून:
नुसतं रक्त कमी आहे गोळ्या चालू आहेत
अन् शोधा दाबलं.
फोननं लाखो उत्तरं आणली.
मी एकही वाचलं नाही. मला उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी काही नाही.
तिसऱ्या दिवशी "डबा दे" एवढंच.
चौथ्या दिवशी अंगणवाडीत वजनं चालली होती.
शेख फरहानाचा धाकटा काट्यात बसेना,
लाथा झाडायला लागला, एका हातानं त्याला धरून
दुसऱ्या हातानं नोंद करता करता
चुकून उघडलं का मुद्दाम, आता सांगता येणार नाही,
'न' दाबला.

नको चहासोबत लोहाच्या गोळ्या एक तास थांबावे

खाली माझी ओळ. वर ही.
मदतनीस बाईनं नेमका तेव्हाच चहा आणला.
काल रात्रीपासून गोळी पदराच्या गाठीत होती,
ती काढली, परत बांधली.
फरहाना विचारायली, किती भरला ताई?
मी म्हणले थांब,
टिंब द्यायचं राहिलं.