जंग्या

शेनफडू बेलदारानं दीड महिना घाणीत चुना मळला,
गूळ, हिरडा, उडदाचं पाणी –
साहेबांच्या वहीत होतं तसं,
थोडं वहीत नव्हतं तसंही.

माती कमी पडली तेव्हा
ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं.
चार पिढ्या गढीचीच पांढरी खणून
घरं लिंपली होती गावानं.
लटकनबाईनं आपली पडकी भिंत दाखवली :
"घी जा भाऊ, तठलीच से."

बुरूज उभा राहिला. देवडीला सागाची दारं आली,
बाहेर पाटी :
पेंढाऱ्यांपासून गावाच्या रक्षणासाठी.

जंग्या त्यानं स्वतः मोकळ्या केल्या, एकेक.
अनेर नदीकडे पाच.
गावाकडे चौदा.
परत मोजल्या. चौदाच.

अकराव्या जंगीला त्यानं डोळा लावला :
तिरकी उतरत गेलेली, आतून गुळगुळीत,
आणि शेवटाला, बोटभर उजेडात,
बेलदारगल्लीतला त्याचा ओटा,
सुपात ज्वारी,
बायकोची पाठ.

"ही बुजवू का?"
"मूळची आहे," साहेब म्हणाले, "तशीच ठेवा."

तशीच ठेवली.
संध्याकाळी घरी गेल्यावर फक्त
बायकोला म्हणाला,
उद्यापासून जरा आत सरकून बस.