अर्धा क्लच

शोरूममधला मुलगा, रॉयस्टन त्याचं नाव,
खुर्ची पुढे सारत विचारतो,
"मॅडम, सर मागून येतायत का?"
सर कुठूनच येत नाहीयेत.
मी एकटी आलेय, मुलुंडहून रिक्षाने,
गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये एक चिठ्ठी,
तिच्यावर ग्रॅच्युइटीतून उरलेला आकडा.

ती उभी होती काचेआड.
चौकोनी थोबाडाची, शेवाळी रंगाची,
चढायला पायरी, धरायला कडी.
बॉनेटवर हात ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

रॉयस्टन आवाज खाली आणून म्हणाला,
"खरं सांगू? थांबा जरा. हिचं हायब्रिड येतंय.
दिवाळीला. फार तर मार्चला.
सिग्नलला इंजिन गप्प,
आणि लिटरमागे सहा किलोमीटर जास्त."
विकणारा माणूस थांबा म्हणतो
तेव्हा खरंच वाटतं.

थांबले.
दिवाळीला त्याचा मेसेज आला: पणतीचं चित्र.
मार्चमध्ये: "कंपनीकडून कन्फर्मेशन नाही, मॅडम."
दरम्यान कांजूरच्या सिग्नलला
तीनचाकींच्या धुरात नाक दाबून बसताना
वाटायचं, बरं केलं थांबलो,
आपलं तरी इंजिन गप्प असेल.

भाची केतकी म्हणाली,
"मावशी, उतावळी नवरी अन् गुडघ्याला बाशिंग."
म्हटलं, बाशिंग बांधूनच बसलेय गं,
डॉक्टरांनी दिलंय, वेल्क्रोचं.

मग एका रविवारी हिशेब मांडला.
अडतीस वर्षं महापालिकेच्या पाणी खात्यात नकाशे काढले,
पेन्सिल अजून सरळ चालते.
वर्षाला सहा हजार किलोमीटर.
वाचलेलं पेट्रोल गुणिले आजचा भाव.
हायब्रिडचे वरचे चार लाख वसूल व्हायला
सतरा वर्षं.
तीनदा केला. सतराच.
तेव्हा मी शहात्तर.
चढायला पायरी असेल,
चढायला मी?

एकोणनव्वद साल. तानसाच्या पाइपलाइनच्या कडेचा कच्चा रस्ता.
खात्याची जीप, पुंडलिक भोईर ड्रायव्हर,
आणि मागच्या सीटवर मी, मांडीवर नकाशांची गुंडाळी.
साहेब व्हॉल्व्ह बघायला उतरले तसे
भोईरमामा म्हणाले, "या पुढं."
चढ होता. खाली दगड सुटे.
मी घाबरून पाय मध्येच धरला,
गाडी ना पुढे ना मागे,
नुसती थरथरत लटकलेली.
"अर्ध्या क्लचवर नका राहू, बाई.
दाबा तर पुरता दाबा, नाहीतर सोडा.
मध्ये राहिलात की गाडी हलत नाय,
आणि जळत मात्र राहतं."
वास आलाच होता तोवर.
काय जळतंय ते कळत नव्हतं,
पण आपलंच काहीतरी, एवढं कळलं.

सोडला.
जीप उडी मारून चढली,
वर पोचल्यावर साहेबांचा चेहरा...
जाऊ दे. त्यानंतर पस्तीस वर्षं मी मागच्याच सीटवर.

रॉयस्टनला ही गोष्ट सांगितली.
तो हसला. "मॅडम, हिला क्लच नसतोच. ऑटोमॅटिक."
असेल.

आज रात्री साडेदहाला खाली उतरले,
ऑफिसची जुनी स्टीलची टेप घेऊन.
सोसायटीचं पार्किंग म्हणजे लोखंडी पाळणे,
एकावर एक, ग्रीसचा वास,
खालच्या कप्प्यात उंच गाडी मावत नाही
असं सेक्रेटरी सबनीस म्हणतात,
पण सबनीस मोजून काही म्हणत नाहीत.
एक मीटर अठ्ठ्याऐंशी.
गाडी एक पंच्याऐंशी.
पुन्हा मोजलं. तीन सेंटिमीटर.
तीन बोटं पण नाहीत, दोन.

वॉचमन खरात टॉर्च धरून उभा.
"कुठली गाडी येणार, मॅडम?
ती पेट्रोल-बॅटरीवाली, तुम्ही म्हणत होतात ती?"

"येणार ती नाही रे," म्हटलं, "आहे ती.
टॉर्च जरा वर धर.
हा बोल्ट खाली आलाय."