एक, दुई, तीन

सव्वीस जानेवारीला चार दिवस उरले
आणि हेडमास्तरांनी यादी दिली हातात.
‘विविधतेतून एकता. पट सतराचा,
राज्यंही सतराच घ्या, बाई. कुणी रडायला नको.’

देवगडच्या कातळावर, चिरेखाणीच्या वरच्या अंगाला
आमच्या दोन खोल्या.
सुफियान होडेकरला ठरलेली जाळीची टोपी.
‘मला तांडेल करा ना,
आमची होडी आहे, मला जाळं विणता येतं.’
कोळ्याचं सोंग हर्षदा कोयंडेला दिलंय, म्हटलं.
तर तिची आई दारात,
हाताला अजून बांगड्याचे खवले:
‘आमी गाबीत, बाई. कोळी न्हय.’
खाणीवरच्या यल्लप्पाला पंजाब,
कारण पगडी फक्त त्याच्याच डोक्यावर बसली.

राहिली बिस्ना बुढा,
हापूसच्या बागेतल्या राखणदाराची.
दिवाळी झाली की येते, आंबा उतरला की जाते.
‘नेपाळ आपल्यात येत नाही,’ हेडमास्तर म्हणाले,
‘काश्मीर करा. डोंगरातलीच ना ती.’

मी केलं काश्मीर.
पुठ्ठ्याचा शिकारा कापला, निळा रंगवला.
‘बाई, आमच्या नदीला होडी नाही.
तार आहे. पाळण्यात बसायचं
आणि खाली बघायचं नाही.’
मी म्हटलं, शिकारा सरळ धर.

चौथीत असताना मी
‘घराक गेल्लंय’ म्हटलं होतं भर वर्गात.
अख्खा तास बाकावर उभी.
तेव्हापासून माझं मराठी इस्त्रीचं,
आईशी फोनवर बोलतानासुद्धा
घडी मोडत नाही.

कार्यक्रम छान झाला. सरपंचांनी फोटो काढले.
फोटोत सगळे आहेत,
जो तो दुसराच कुणीतरी.

आता जून. बागेतली खोपटी रिकामी,
बिस्नाच्या नावापुढं गै, गै, गै.
पुठ्ठ्याचा शिकारा कपाटावर,
त्यात खडूचे तुकडे.
मी वर्षाची माहिती भरतेय,
मातृभाषेचा रकाना:
मराठी, मराठी, मराठी.

बाहेर भेंडीच्या झाडाला डोळे टेकून
पहिलीतली नवी सायली राऊळ, तिच्यावर राज्य:
‘एक, दुई, तीन, चार, पाँच...’

कुणी गं शिकवलं असं मोजायला?

डोळे न उघडताच म्हणाली,
‘आमच्यात असाच मोजतत.’

पेन रकान्यावर तसंच.
पाण्याच्या टाकीमागं यल्लप्पा,
त्याच्या पाठीला चिकटून सुफियान,
दोघंही श्वास धरून.
‘...आठ, नौ, दस! इलंय हां!’